दयेचा खर्च कोणी सोसावा?

हिंस्र श्वापदांवर दया करावी की नाही, हा प्रश्न पुष्कळांस विद्वानांचा वाटतो. शहरात त्यावर व्याख्याने होतात, मोठमोठे लेख लिहिले जातात, आणि ऐकणारे माना डोलावून आपापल्या घरी स्वस्थ झोपतात. परंतु खेड्यातील मनुष्यास हा प्रश्न पुस्तकात भेटत नाही. तो त्यास रात्रीच्या काळोखात, मेंढरांच्या वाघरीपाशी भेटतो. तेथे त्याचे रूपही निराळे असते. दया करावी की न करावी, एवढ्यावर तो थांबत नाही. दया केली असता तिचा खर्च कोणाच्या पदरी पडावा, असे तो विचारतो. वाचकहो, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून पहिल्याचे उत्तर देण्याचा आपणांस अधिकार नाही, हेच या लेखात दाखवावयाचे आहे.

मुरुमच्या आसपासची भूमी आपणांस ठाऊकच आहे. बेनितुरेच्या अंगाची जमीन काळी व कसदार, तर चढावर गेले म्हणजे पातळ मातीचा, कुसळी गवताचा व बोरी-बाभळींचा माळ लागतो. ज्या खडकाळ मातीला आपण मुरूम म्हणतो तीच तेथे पायांखाली असते. खरिपाची पिके निघाली आणि रान मोकळे झाले, म्हणजे या भागात धनगरांचे वाडे येऊ लागतात. त्यांचा मुक्काम हे एक चालते-फिरते गावच असते. पाच-सात बिऱ्हाडे, शे-दोनशे मेंढरे, ओझ्याची तट्टे, राखणीची कुत्री, डालग्यातील कोंबड्या आणि आईच्या पाठीशी बांधलेली लेकरे, असा त्यांचा सारा संसार उघड्या शेतात उतरतो.

त्यांचा दिवस आपल्या दिवसाहून लवकर उगवतो. झुंजूमुंजू होताच कोकरे आपापल्या आयांस पाजण्यासाठी सोडतात. शेकडो आया आणि शेकडो कोकरे एकाच वेळी ओरडत असता प्रत्येकीस आपले कोकरू ओळखू येते, हे पाहणारास मोठे नवल वाटते. मग तरणी माणसे कळप घेऊन चराईस निघतात. चालू न शकणारी कोवळी कोकरे मागे राहतात. मुक्काम हलवावयाचा असेल तर सर्व भार स्त्रियांवर पडतो. भांडीकुंडी, घोंगडी, पाल, दळण हे सर्व त्या तट्टावर लादतात, पुढल्या शेताची वाट धरतात, आणि पुरुष संध्याकाळी परत येतात तेव्हा तीन दगडांची चूल पेटलेली व भाकर तयार असते. सूर्य मावळला म्हणजे खुंट ठोकून भोवती वाघर ताणावयाची, मेंढरे आत घ्यावयाची, आणि कुत्री चहूंकडे सोडावयाची. शेतकरी त्यांस आपल्या शेतात मेंढरे बसविण्यासाठी बोलावितो व त्याबद्दल धान्य किंवा पैसा देतो, कारण रात्रभरात पडलेले लेंडीखत त्याच्या जमिनीस बळ देते. आपण खातो त्या भाकरीत या माणसांच्या जागरणाचाही अंश आहे, हे थोड्यांच्याच ध्यानात येते.

या जागरणाचे कारण लांडगा होय. तो वाघासारखा गर्जना करून येत नाही. वाऱ्याची दिशा पाहून, ओढ्याच्या आडोशाने, अंधारात तो जवळ सरकतो. एक लांडगा एका बाजूने दिसतो, कुत्री त्याच्यामागे धावतात, आणि तेवढ्यात दुसरा मागल्या बाजूने कोकरू उचलतो, असे मेंढपाळ सांगतात. हाळी उठते, विजेऱ्यांचे झोत फिरतात, काठ्या घेऊन माणसे धावतात; परंतु पुष्कळदा जाळीत अडकलेल्या लोकरीच्या दोन झुबक्यांवाचून काहीच हाती लागत नाही. ज्याच्या घरी पगार येतो त्यास एक मेंढी गेली ही बातमी लहान वाटेल. पण ज्याचे शेत, पेढी, विमा आणि मुलीच्या लग्नाची पुंजी हे सर्व त्या कळपातच साठविलेले आहे, त्याच्या दृष्टीने ती घरफोडीच होय.

आता दुसरी बाजू पाहू. लांडगा हा दुष्ट आहे काय? दुष्टपणास बऱ्यावाइटाची निवड लागते, आणि ती निवड त्यास दिलेलीच नाही. आपल्याकडील लांडगा अंगाने लहान, साधारणतः २० किलोच्या आसपास भरणारा प्राणी आहे. नर व मादी एकत्र राहतात. बहुधा हिवाळ्यात मादी बिळात विते, आणि दोघेही दूरवरून पोटात आणलेले मांस पिलांपुढे ओकून त्यांस वाढवितात. धनगरांची कोकरे वाघरीत असतात त्याच दिवसांत लांडग्याची पिले बिळात भुकेली असतात. त्याचे जुने भक्ष्य म्हणजे काळवीट, चिंकारा आणि ससे. पण माळ नांगरले गेले, गायराने आक्रसली, आणि हे भक्ष्य उणे झाले. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर लांडग्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात काळविटांबरोबर शेळ्यामेंढ्याही आढळल्या. ज्याचे ताट आपण काढून घेतले, तो आपल्या ताटाकडे वळला, यात नवल ते काय?

मनुष्याने त्याच्याशी कसे वर्तन केले तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजी अमदानीत श्वापदे मारणाऱ्यास सरकारी इनाम मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. चित्ता तर या देशातून नाहीसाच झाला. १९५२ साली तो संपला असे जाहीर झाले, आणि २०२२ साली नामिबियातून चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या रानी सोडावे लागले. एका जातीस संपविणे किती सोपे आणि तिला परत आणणे किती अवघड, याचा हा धडा आहे. आज साऱ्या भारतात लांडगे ३,००० च्या आसपास असावेत असा अंदाज आहे, म्हणजे ते वाघांहूनही फार नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्यास पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. त्यास मारणारास ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो.

हा कायदा योग्य आहे, असे आमचे मत आहे. सृष्टी केवळ मनुष्याच्या उपयोगासाठी उत्पन्न झाली नाही. ईयोबाच्या पुस्तकात देव त्या दुःखी मनुष्यास विचारतो की, सिंहिणीच्या भुकेल्या छाव्यांस व कावळ्याच्या पिलांस भक्ष्य कोण पुरवितो? ईयोबास उत्तर देता आले नाही, आणि आपणांसही येत नाही. ज्याचे भक्ष्य देव पुरवितो, त्यास जगण्याचा अधिकार नाही असे म्हणणारे आपण कोण? येथवर बहुतेक सज्जनांचे एकमत होईल. मात्र येथेच थांबणे हा मोठा अन्याय आहे.

दावीद राजाकडे नाथान संदेष्टा आला आणि त्याने एक गोष्ट सांगितली, ती आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ आहे. एका श्रीमंताकडे वाटसरू आला. श्रीमंताची मेंढरेगुरे पुष्कळ होती. पण पाहुणचारासाठी आपल्या कळपातील एकही न घेता, त्याने शेजारच्या गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली. ती मेंढी त्या गरिबाच्या ताटातले खाई व त्याच्या उराशी निजे. गोष्ट ऐकून दावीद रागाने लाल झाला, आणि तो मनुष्य तूच आहेस, हे त्यास ऐकावे लागले. त्या श्रीमंताने पाहुण्याचा आदर केला, हे वाईट नव्हते. पाहुणचार हा सद्गुणच आहे. त्याचा अपराध एवढाच की, सद्गुण त्याने आपल्या नावावर मांडला आणि खर्च दुसऱ्याच्या.

लांडग्याविषयीही असेच घडत आहे. हा पाहुणा साऱ्या देशाचा आहे. त्यास वाचवावे असा निश्चय साऱ्या देशाने केला, आणि त्याबद्दल चार लोकांत आपली वाहवाही होते. पण त्याच्यापुढे वाढले जाते ते कोकरू मात्र एकट्या मेंढपाळाचे असते. ज्यांच्या घरास भिंती व दारास कडी आहे त्यांनी दया करावी, आणि जो उघड्यावर निजतो त्याने ती फेडावी, या व्यवस्थेस दया हे नाव शोभत नाही.

कोणी म्हणेल की, धनगराने हा धंदा आपणहून पत्करला. धंदा म्हटला की नफा-तोटा आलाच. यास उत्तर असे की, पूर्वी त्यास आपल्या कळपाचे रक्षण स्वतःच्या रीतीने करण्याची मोकळीक होती. दावीदाने कळपासाठी सिंह व अस्वल मारले, आणि त्यास कोणी दोष दिला नाही. आज आपण कायद्याने मेंढपाळाचा हात धरला आहे. धरला हे बरे केले. परंतु ज्याचा हात आपण धरला, त्याचे नुकसान वाटून घेणे हे आपल्यावर ऋण झाले. ते न फेडता केवळ हात धरून ठेवणे ही जबरदस्ती होय.

दुसरा कोणी म्हणेल की, सरकार भरपाई देतेच. हे खरे आहे, आणि त्याबद्दल आभार मानले पाहिजेत. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयाप्रमाणे वन्य प्राण्याने मेंढी किंवा शेळी मारल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती मिळते. परंतु त्यासाठी वनखात्यास त्वरित कळवावे लागते, मृत जनावर जागेवरून न हलविता पंचनामा करून घ्यावा लागतो, कागदपत्रे द्यावी लागतात. लांडगा तर कोकरू तोंडात धरून नेतो. मग पंचनामा कशाचा करावा? आणि ज्याचा मुक्काम परवा पाच कोसांवर हलावयाचा आहे, ज्यास लिहितावाचता येत नाही, ज्याचे रेशनकार्ड दूरच्या जिल्ह्यात आहे, त्याने किती खेटे घालावे? गेलेल्या कोकरापेक्षा बुडालेले दिवस त्यास महाग पडतात, म्हणून तो मुकाट्याने पुढे चालू लागतो.

ही अडचण नवी नाही. निर्गमाच्या पुस्तकात राखणदाराविषयी नियम आहे की, श्वापदाने जनावर फाडले असल्यास त्याने फाडलेले शव पुराव्यादाखल आणावे, म्हणजे त्याच्यावर भरपाईचा बोजा पडणार नाही. आमोस संदेष्टा स्वतः मेंढपाळ होता. सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा काढून घेणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टान्त त्याने दिला आहे. मेंढपाळ तो तुकडा कशासाठी जपतो, हे वरील नियमावरून समजते. आणि याकोबाने लाबानाकडे गाऱ्हाणे केले ते हेच की, फाडलेल्या मेंढराचा तोटा वीस वर्षे माझ्याच माथी बसला, दिवसा उन्हाने व रात्री थंडीने मी झिजलो, माझी झोप उडाली. आजचा मेंढपाळ हे गाऱ्हाणे शब्दही न बदलता आपल्यापुढे मांडू शकेल.

आता थोडे दूर पाहू, कारण हा प्रश्न एका माळाचा नाही. आफ्रिका खंडात केनिया व टांझानिया या देशांत रानांत तंबू ठोकून सिंह व हत्ती पाहण्यासाठी जगभरचे श्रीमंत लोक जातात. तेथे त्यांस तंबूतच पलंग व गरम पाणी मिळते, आणि रात्री दूरवर सिंहाची गर्जना ऐकून ते धन्य होतात. पण त्याच रानात मसाई नावाचे गुराखी काटेरी कुंपणांत गुरे कोंडून राहतात, आणि तीच गर्जना ऐकून त्यांची झोप उडते. एकच आवाज एकास करमणूक आणि दुसऱ्यास धास्ती! आपल्या देशाच्या मजुरांनीही ती धास्ती भोगली आहे. १८९८ साली केनियातील त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंह रात्री मजुरांच्या राहुट्यांत शिरून माणसे ओढून नेऊ लागले. काट्यांची कुंपणे, शेकोट्या, पहारे हे सर्व व्यर्थ झाले. त्यांनी २८ हिंदी मजूर मारले अशी रेल्वेच्या दप्तरी नोंद आहे, आणि आफ्रिकी मजुरांची तर धड मोजदादही झाली नाही. पुढे त्या सिंहांची कातडी अमेरिकेतील शिकागोच्या संग्रहालयास विकली गेली, आणि आजही लोक ती पाहावयास जातात. सिंह जगास ठाऊक झाले. मेलेले मजूर अनामिकच राहिले.

त्याच केनियात पुढे शहाणपणाचीही उदाहरणे घडली. अंबोसेलीच्या परिसरात २००३ पासून एका निधीतून, श्वापदाने मारलेल्या गुरांची भरपाई मसाई लोकांस मिळू लागली. २००७ पासून, ज्या तरुणांच्या जातीत सिंह मारणे हे शौर्याचे लक्षण होते त्यांसच सिंहांचे राखणदार नेमले गेले. सिंह कोणीकडे वळला हे पाहून गुराख्यांस आधी सूचना देणे हे त्यांचे काम. म्हणजे खर्च एकट्याच्या माथी न ठेवता तो वाटून घेतला असता दया शक्य होते.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातील कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानातून आला होता. सरळ रेषेने मोजले तरी हे अंतर ३०० किलोमीटरांच्या घरात जाते. येडशीचे अभयारण्य अवघे २२ चौरस किलोमीटरांचे. वाघाने भोवतालच्या गावांतील जनावरे मारली, लोक शेतात जाण्यास भ्याले, आणि त्यास पकडण्याचे वनखात्याचे प्रयत्न २०२५ च्या आरंभी कित्येक दिवस चालूनही फळास आले नाहीत. दूरच्या लोकांनी त्याचे कौतुक केले, आणि कौतुकास्पद तो होताच. पण पहाटे उसाला पाणी देण्यास जाणाऱ्या मनुष्याच्या पायांतील कापरे कौतुकाने थांबत नाही. तसेच पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे बिबट्या उसातच वितो, आणि ऊसतोडीस गेलेल्या आपल्या मराठवाड्याच्या मजुरांची लेकरे त्याच उसाच्या कडेला कोप्यांत निजतात. उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात २०२४ साली लांडग्यांच्या हल्ल्यांत मुलेही दगावली. अशा प्रसंगी मनुष्याचा, विशेषतः बालकाचा जीव प्रथम, याविषयी शंका नको. जे श्वापद मनुष्याच्या जिवावर उठले, त्याचा बंदोबस्त कायद्याच्या मार्गाने करण्यात अधर्म नाही.

तथापि एका मोहापासून सर्वांनी दूर राहावे. मारलेल्या मेंढराच्या शवात विष घालून ठेवण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. विष अपराधी कोण ते पाहत नाही. त्याने लांडगा मरतो, तसेच कोल्हा, घार, गिधाड आणि स्वतःचे राखणीचे कुत्रेही मरते. रागाच्या भरात केलेला न्याय असाच आंधळा असतो. उलट, कोकरू गेले असताही, लांडग्यालाही पोट आहे, त्याचा वाटा तो घेऊन गेला, असे म्हणून विषाकडे हात न नेणारे वृद्ध मेंढपाळ पुष्कळ आहेत. वाचकहो, या मनुष्याची दया खरी आहे, कारण तिचा खर्च त्याने स्वतः सोसला आहे. ज्यास आपण अडाणी म्हणतो, तो या एका गोष्टीत आपला गुरू आहे. पण गुरू उदार आहे म्हणून शिष्याने त्याचे ऋण बुडवावे काय?

तेव्हा आपण काय करावे? पहिले असे की, मंडळीतील उपदेशक, शिक्षक व लिहितीवाचती मुले यांनी आपल्या लेखणीचा उपयोग करावा. शिवारात कोणाचे मेंढरू मारले गेले तर वनखात्यास १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकास तत्काळ कळवावे, शव हलवू देऊ नये, छायाचित्र घ्यावे, अर्ज लिहून द्यावा आणि पंचनाम्याच्या वेळी साक्षीस उभे राहावे. वाडा पुढे गेला तरी अर्जाचा पाठपुरावा गावात राहणाऱ्यास करता येतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारीही दोन-चार शेळ्या आहेत, तेव्हा ही विद्या घरीही उपयोगी पडेल. दुसरे असे की, शेतात मेंढरे बसवून घेतल्यावर ठरलेले धान्य किंवा पैसे देताना घासाघीस करू नये, आणि रात्री हाळी ऐकू आली असता कूस बदलून झोपू नये. तिसरे, गावचे गायरान राखावे. माळ ही पडीक जमीन नव्हे. ससा, काळवीट व लांडगा यांचे ते शेत आहे. ते राखले तर वाघरीवरील भार हलका होईल. चौथे, गावातील कुत्र्यांस पिसाळण्याची लस टोचून घ्यावी, कारण तो रोग कुत्र्यांपासून लांडग्यांस होतो, आणि पिसाळलेला लांडगा मनुष्यावरही धावून येतो.

ही कामे लहान आहेत. त्यांनी साऱ्या देशाचा हिशेब चुकता होणार नाही, आणि सरकारचे कर्तव्यही कमी होत नाही. हरवलेल्या कोकराचा पुरावा कसा धरावा, फिरत्या लोकांस भरपाई कोठे मिळावी, हे नियम करणारांनी ठरविलेच पाहिजे, आणि तसे मागणे आपल्या ग्रामसभांतून जाणे योग्य आहे. परंतु प्रत्येकाने आपल्या मनाशी एक कसोटी ठेवावी. मी ज्या दयेची स्तुती करतो, तिच्यासाठी माझ्या पदरचे काय गेले? काहीच गेले नसेल, तर ती दया अजून माझी झालेली नाही. ती दुसऱ्या कोणाची आहे, आणि तो बहुधा माझ्याहून गरीब आहे. लांडगा जगावा, मेंढपाळही जगावा, आणि दोहोंच्या जगण्याचा भार आपण सर्वांनी मिळून उचलावा. असा भार उचलणाऱ्यासच दयाळू म्हणवून घेण्याचा अधिकार आहे.